पुण्यातल्या जागांवर लघुमाहितीपट: विद्यार्थ्यांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळा, कनिष्ठ महाविद्यालयं आणि पदवीच्या वर्गांतून हे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. उत्तरं पुण्याच्या संदर्भात दिली आहेत, कारण परवानगी, ऊन आणि आवाज या तिन्ही गोष्टी त्या त्या जागेवर ठरतात. यंत्रांबद्दलची आणि संकलनाबद्दलची उत्तरं कुठल्याही शहरात चालतील.

१. पहिला माहितीपट किती मिनिटांचा करावा?

चार ते सहा मिनिटांचा. पाच मिनिटांत साधारण पन्नास शॉट बसतात आणि त्यासाठी साठ ते नव्वद मिनिटांचं चित्रण पुरतं. त्याहून जास्त जमवलं तर ते नुसतं बघून टिपणं काढण्यातच दोन दिवस जातात, आणि अर्धे गट नेमके तिथेच थकून बसतात. शॉट घेताना मनात दहा आकडे मोजा, मगच थांबवा. तीन-तीन सेकंदांचे तुकडे संकलनात कुठेच जोडता येत नाहीत.

२. शनिवारवाड्यावर केला तर चालेल का?

चालेल, पण पाच मिनिटांत अख्खा शनिवारवाडा मावत नाही. १७३० सालची पायाभरणी, १७३२ ची वास्तुशांत, १८२८ ची आग एवढं सांगितलं की वेळ संपतो, आणि हे सगळं कुणीही दोन मिनिटांत वाचून काढू शकतं. त्यापेक्षा वाड्यातली एकच गोष्ट धरा. उदाहरणार्थ, दिल्ली दरवाजावरचे खिळे: ते किती उंचीवर सुरू होतात, हत्तीचं डोकं कुठे येतं, आज त्यांची देखभाल कशी होते.

विषय पक्का झाला की नाही हे बघायची साधी कसोटी आहे: विषयाच्या वाक्यात क्रियापद आलं पाहिजे. ‘महात्मा फुले मंडई’ हे नुसतं नाव झालं. ‘१८८६ साली उघडलेल्या अष्टकोनी मंडईत भाजीवाल्या मावशी सकाळी गाळा कसा रचतात’ हा माहितीपट झाला. कारण आता तुम्हाला किती वाजता जायचं, कुणाशी बोलायचं आणि कॅमेरा कुठे लावायचा हे आपोआप कळतं.

पुण्यात असे विषय गल्लोगल्ली आहेत. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून पेठांत नळानं पाणी आलं. त्या नळावरचे उसासे (नळातली हवा बाहेर पडायला बांधलेले खांब) आणि काळा हौद, सदाशिव हौद, नाना हौद ही नावं अजून शिल्लक आहेत. नावांवरून जागा शोधत जाणं हाच एक माहितीपट आहे. पत्र्या मारुती, भिकारदास मारुती, खुन्या मुरलीधर ही देवळांची नावं कशी पडली, आणि शेजारी राहणारे लोक त्याबद्दल काय सांगतात, हा दुसरा. कसबा पेठेतल्या तांबट आळीबद्दल प्रश्न ८ मध्ये आहे.

३. गुगलवर सगळीकडे तीच तीच माहिती मिळते. खरी माहिती कुठे शोधायची?

सदाशिव पेठेत भारत इतिहास संशोधक मंडळ आहे. ते १९१० साली स्थापन झालं. पुणे नगर वाचन मंदिर १८४८ पासूनचं आहे. पुणे पुराभिलेखागारात पेशवे दप्तर आहे. तिथली मूळ कागदपत्रं मोडी लिपीत असल्यामुळे विद्यार्थ्यांनी छापील निवडक खंड मागावेत. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा पुण्यावरचा खंड १८८५ चा आहे. बाजार, पाणी, पूल, पेठा यांच्या नोंदी त्यात बारकाईनं दिल्या आहेत.

‘पुण्याबद्दल काही आहे का?’ असं विचारत जाऊ नका. ‘सदाशिव हौदाचं पाणी कधी बंद झालं?’ असा एका ओळीचा प्रश्न कागदावर लिहून न्या. ग्रंथपालांना त्याचं उत्तर कुठे शोधायचं हे लगेच सुचतं. संहितेत उजवीकडे एक रकाना ठेवा आणि प्रत्येक विधानापुढे ते कुठून घेतलं ते त्याच दिवशी लिहा. महिन्याभरानं ते कुणालाच आठवत नाही.

४. गटात किती जण असावेत?

तीन किंवा चार. एक कॅमेऱ्यावर, एक आवाजावर, एक बोलणारा, आणि चौथा असेल तर टिपणं, संमतिपत्रं व सामान सांभाळायला. दहा जण मिळून एखाद्या दुकानात शिरले की दुकानदार अवघडतो आणि गिऱ्हाईक बाहेर थांबतं.

५. मोबाइल पुरेल का? सेटिंग काय ठेवायचं?

पुरतो. फोन आडवा, १०८०पी, सेकंदाला २५ फ्रेम. आयफोनमध्ये २५ चा पर्याय दिसत नसेल तर कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ‘पाल फॉरमॅट’ सुरू करा. अँड्रॉइडवर मूळ कॅमेऱ्यात तो नसेल तर ‘ओपन कॅमेरा’सारखं मोफत ॲप वापरा. पडद्यावर बोट दाबून धरून फोकस आणि उजेड कुलूपबंद करा; नाहीतर मागून रिक्षा गेली तरी चेहरा मध्येच काळवंडतो. बोटांनी झूम करू नका, दोन पावलं पुढे जा.

४के मध्ये मिनिटाला दीडशे ते साडेतीनशे एमबी जागा जाते. निघताना किमान २० जीबी मोकळे ठेवा, फोन विमान मोडवर टाका, काच सुती रुमालानं पुसा. पावसाळ्यात एसीतून बाहेर आलात तर काचेवर वाफ धरते. दहा मिनिटं फोन पिशवीतच राहू द्या.

६. दुकानात चित्रण केलं की चित्रावर काळे पट्टे सरकतात. का?

आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूबलाइट सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होते. शटरचा वेग त्याच्याशी जुळला नाही की पट्टे दिसतात. शटर १/५० किंवा १/१०० सेकंदावर ठेवा. काही स्वस्त एलईडी दिवे तरीही लपलपतात. तेवढा एक दिवा बंद करायची विनंती करा आणि माणसाला दाराच्या उजेडात बसवा. हे पट्टे संकलनात निघत नाहीत. म्हणून दहा सेकंदांचा नमुना घेऊन तिथेच मोठा करून पाहा.

७. दिल्ली दरवाजा प्रत्येक वेळी काळा का येतो?

तो उत्तरेकडे तोंड करून आहे. त्याच्यासमोर उभं राहिलं की कॅमेरा दक्षिणेकडे बघतो. हिवाळ्यात सूर्य दिवसभर दक्षिणेच्या बाजूनं फिरतो, म्हणजे दरवाजा सावलीत आणि मागचं आकाश भगभगीत. उजेड दरवाजावर धरून कुलूप लावा, आकाश पांढरं झालं तर होऊ द्या, किंवा आकाश चौकटीत कमीत कमी घ्या. मे-जूनमध्ये सकाळी लवकर आणि संध्याकाळी उशिरा त्या भिंतीवर तिरपं ऊन पडतं; खिळ्यांच्या सावल्या तेव्हा फार सुंदर दिसतात. कुठल्याही इमारतीला हाच नियम. आधी होकायंत्र काढून तोंड कुठे आहे ते बघा, मग वेळ ठरवा.

८. गोंगाटाच्या जागी आवाज कसा घ्यायचा?

आवाज हा जागेचा अर्धा चेहरा आहे, आणि विद्यार्थ्यांच्या कामात सर्वांत जास्त माती इथेच होते. तांबट आळीचं उदाहरण घ्या. तांब्याच्या हंड्यावर मठारकाम चालू असतं: एका हातानं भांडं हळूहळू फिरतं, दुसऱ्या हातातला हातोडा एकाच लयीत पडतो, आणि प्रत्येक ठोक्याखाली छोटी चकचकीत पाकळी उमटते. फोन जवळ धरला तर ठोका फाटतो. ठोक्याला घाबरून फोन आवाजाची पातळी आपोआप खाली ओढतो आणि पुढचा सेकंदभर बाकी सगळं बुडतं.

म्हणून तीन गोष्टी वेगवेगळ्या घ्या. ठोक्यांचा आवाज तीन-चार मीटरवरून, सलग दोन मिनिटं, कुणीही न बोलता. कारागिराशी बोलणं काम थांबल्यावर, जेवणाच्या सुट्टीत किंवा आतल्या खोलीत. आणि जागेचा नुसता आवाज एक मिनिट: शेजारची चाळण, शिट्टी, दुचाकी, काय असेल ते. संकलनात बोलण्याखाली हा थर ठेवला की कापलेल्या जागा कानाला लागत नाहीत.

पातळी हातानं ठेवता येत असेल तर बोलणं उणे १२ डेसिबलच्या आसपास, आणि कधीही शून्याला लागू देऊ नका. माइक हनुवटीखाली वीतभर अंतरावर लावा. मंगळसूत्र, उपरणं, सिल्कची साडी त्याला घासत नाही ना ते हेडफोननं ऐका. घरात मुलाखत असेल तर पंखा आणि फ्रिज बंद करायला सांगा, आणि तुमच्या गाडीची किल्ली फ्रिजवर ठेवा. निघताना फ्रिज चालू करायचं विसरणार नाही.

९. कॉलर माइक लावला, पण आवाज फोनच्याच माइकचा आला. काय चुकलं?

पिन बघा. पिनवर तीन काळ्या रेघा असतील तर ती फोनची, दोन असतील तर कॅमेऱ्याची. दोन रेघांची पिन फोनला चालवायची तर मधे जोडणी लागते. टाइप-सीची स्वस्त जोडणी पुष्कळदा फक्त ऐकण्यापुरती असते, माइकचा आवाज आत घेत नाही. खात्री करायची तर रेकॉर्डिंग सुरू करून माइकवर नखानं टिचकी मारा आणि ते ऐका.

१०. आजी-आजोबा एका शब्दात उत्तर देतात. त्यांना बोलतं कसं करायचं?

‘तुम्हाला पूर आठवतो का?’ याचं उत्तर ‘हो’ एवढंच येणार. ‘त्या दिवशी सकाळी घरात कोण कोण होतं? पहिल्यांदा पाणी कुठे दिसलं? हातात काय घेऊन निघालात?’ असं विचारा. पानशेतचा पूर १२ जुलै १९६१ चा. तेव्हा दहा वर्षांचा असलेला माणूस आज पंचाहत्तरीच्या घरात आहे. हा विषय मनात असेल तर पुढच्या वर्षावर ढकलू नका.

सकाळची वेळ घ्या, चाळीस मिनिटांत आटपा. पहिली पाच मिनिटं कॅमेरा बंद ठेवून चहा घ्या. उत्तरात प्रश्न यावा म्हणून आधीच सांगा: ‘आजोबा, माझा आवाज नंतर काढून टाकणार आहे, तेव्हा “पूर आला तेव्हा आम्ही…” असं पूर्ण सांगाल का?’ बोलणं संपलं असं वाटलं की पाच सेकंद गप्प बसा. सगळ्यात मोलाचं वाक्य पुष्कळदा त्या शांततेत येतं. आणि त्यांची बोली सुधारू नका. ‘व्हतं’ म्हणाले तर उपशीर्षकातही ‘व्हतं’च लिहा.

११. परवानगी कुठे कुठे लागते?

शनिवारवाडा, पाताळेश्वर लेणी आणि आगाखान पॅलेस भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आहेत. ट्रायपॉड, दिवे, माइक घेऊन नियोजित चित्रण करायचं तर त्यांच्या मुंबई मंडळाकडे महाविद्यालयाच्या पत्रासह अर्ज करा. तीन-चार आठवडे हाताशी ठेवा. विश्रामबागवाडा आणि मंडईसाठी महापालिका. रेल्वे स्टेशन आणि मेट्रोसाठी त्या त्या कार्यालयाची लेखी परवानगी. देवळात विश्वस्तांची, गाभाऱ्याबद्दल वेगळं विचारा. रस्त्यावर हातात फोन धरून चित्रण करताना सहसा कुणी अडवत नाही, पण ट्रायपॉडनं पदपथ अडणार असेल तर जवळच्या पोलीस चौकीत पत्राची प्रत देऊन ठेवा.

लष्कर (कॅम्प) आणि खडकी भागात लष्करी आस्थापना पार्श्वभूमीतसुद्धा येऊ देऊ नका. परवानगीचं पत्र फोनमध्ये आणि कागदावर, दोन्हीकडे हवं.

१२. रस्त्यावरच्या माणसांची संमती घ्यायची का? आणि लहान मुलांची?

गर्दीतून जाणाऱ्या माणसांची घ्यावी लागत नाही. कुणी हात आडवा केला तर तो शॉट काढून टाका. जो माणूस ओळखू येईल इतका जवळ आहे किंवा बोलतो आहे, त्याची लेखी संमती घ्या. त्यात नाव, विषय, आणि माहितीपट कुठे कुठे दाखवणार हे स्पष्ट हवं. वाचता येत नसेल तर मजकूर मोठ्यानं वाचून दाखवा आणि होकार कॅमेऱ्यावर घ्या.

अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची सही लागते. एखादं मूल कामावर दिसलं, तर त्याचा चेहरा, नाव, शाळा, गल्ली काहीही दाखवू नका. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या बालकाची ओळख उघड करायला बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ नं बंदी आहे. शिक्षकांना सांगा, चाइल्डलाइनचा क्रमांक १०९८ आहे.

१३. ड्रोन उडवू का?

नको. लोहगावचा विमानतळ हवाई दलाचा आहे, खडकवासल्याला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी (एनडीए) आहे, शहरभर लष्करी जागा आहेत. २५० ग्रॅमपर्यंतच्या छोट्या ड्रोनलाही लाल क्षेत्रात (ड्रोनला मनाई असलेल्या भागात) परवानगीशिवाय उडता येत नाही. वरून शॉट हवाच असेल तर समोरच्या इमारतीच्या गच्चीवर, सोसायटीला विचारून जा.

१४. निवेदन किती लिहावं?

पाच मिनिटांना अडीचशे ते तीनशे शब्द, बस्स. मराठी शब्द लांब. मिनिटाला ११० च्या वर गेलात की धावपळ ऐकू येते. चित्रात दिसतं ते निवेदनात सांगू नका. ‘ऐतिहासिक वारसा लाभलेलं पुणे’ हे वाक्य आलं की खोडा आणि तिथे एक तारीख, एक माप किंवा एका माणसाचं बोलणं टाका.

१५. दोन जणांनी दोन वेगळ्या गोष्टी सांगितल्या, किंवा सांगितलेली गोष्ट दंतकथा असेल, तर?

दोन्ही ठेवा, पण कोणतं काय आहे ते वेगळं कळू द्या. नारायणराव पेशव्यांचा खून शनिवारवाड्यात ३० ऑगस्ट १७७३ ला झाला, ही इतिहासातली नोंद. ‘काका मला वाचवा’ ही हाक अजून ऐकू येते, ही लोकांनी जपलेली कथा. ती कुणीतरी कॅमेऱ्यासमोर स्वतःच्या तोंडून सांगू दे. निवेदकानं स्वतः सांगितली की तिला खरेपणाचा शिक्का बसतो. तारीख चुकीची सांगणाऱ्या आजोबांना मधेच तोडू नका. खाली छोट्या पट्टीत बरोबर साल द्या.

१६. वाड्याचे मालक आणि भाडेकरू यांचा दावा कोर्टात चालू आहे. चित्रण करावं का?

करता येतं, पण जास्त जपून. आत जाण्यासाठी ज्याच्या ताब्यात खोली आहे त्याची संमती, आणि चौक, जिना अशा सामायिक भागासाठी मालकाचीही. एकाच बाजूचे आरोप घेऊ नका. दुसऱ्या बाजूला लेखी विचारा, आठवडाभर वाट पाहा, आणि उत्तर आलं नाही तर तसं पडद्यावर लिहा. निकाल काय लागावा याबद्दल निवेदनात एक शब्दही नको. बहुतेक गटांना आमचा सल्ला असा: दावा सोडून द्या आणि वाडाच दाखवा. लाकडी खांब, आड, जिन्याची झिजलेली तिसरी पायरी.

१७. ती जागा आता उरलीच नसेल तर?

जागा गेली तरी ठिकाण असतंच. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८४८ मध्ये मुलींची शाळा जिथे सुरू केली तो बुधवार पेठेतला भिडे वाडा २०२३ मध्ये पाडला गेला. तिथे आजचा रस्ता, रहदारी, समोरचे दुकानदार दाखवा. जुना फोटो हातात धरून त्याच कोनातून शॉट घ्या. रिकाम्या जागेचा सलग वीस सेकंदांचा शॉट प्रेक्षक शांतपणे बघतो, फक्त त्याआधी काय गेलं हे त्याला कळलेलं हवं. जुन्या फोटोच्या हक्कांसाठी पुढचा प्रश्न पाहा.

१८. जुने फोटो, गाणी, अभंग वापरता येतात का?

वर्गात शिकण्याच्या ओघात केलेल्या वापराला कॉपीराइट कायद्यात सवलत आहे. यूट्यूब आणि महोत्सव तिच्यात येत नाहीत असं धरून चला. लेखकाचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो, ध्वनिमुद्रण आणि चित्रपटाचा प्रकाशनानंतर ६० वर्षं. १८८५ च्या गॅझेटियरमधला मजकूर मोकळा आहे.

गफलत होते ती अभंगात. तुकोबांचे शब्द सगळ्यांचे, पण एखाद्या गायकाचं ध्वनिमुद्रण आणि संगीतकारानं बांधलेली चाल त्यांची. गटातल्या कुणाकडून किंवा गल्लीतल्या भजनी मंडळाकडून पारंपरिक चालीत गाऊन घ्या आणि त्यांचीही संमती घ्या. घरच्या अल्बममधला फोटो ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे हक्क असतीलच असं नाही. स्टुडिओचा शिक्का मागे असेल तर तिथे विचारा. सार्वजनिक जागी कायम असलेले पुतळे आणि इमारती चित्रणात आले तर हरकत नाही.

१९. संकलनात ओठ आणि आवाज हळूहळू वेगळे होतात. का?

फोन फ्रेमचा वेग बदलता ठेवतो आणि वेगळा घेतलेला आवाज स्थिर वेगाचा असतो. दहा मिनिटांच्या मुलाखतीत फरक उघड दिसतो. संकलनाला बसण्यापूर्वी सगळ्या फाइल ‘हँडब्रेक’ या सॉफ्टवेअरमध्ये स्थिर २५ फ्रेमवर बदलून घ्या. मुलाखतीच्या सुरुवातीला आणि शेवटीही एक टाळी वाजवा, म्हणजे सरकलंय का ते कळतं. अंतिम आवाज उणे १४ लफ्सच्या (सरासरी आवाज मोजायचं एकक) आसपास ठेवा.

२०. उपशीर्षकात जोडाक्षरं फुटतात, वेलांटी भलतीकडे जाते. उपाय?

आधी मजकूर युनिकोडमध्ये आहे ना ते पाहा. जुन्या फॉन्टमधून चिकटवला तर कचरा दिसतो. फॉन्ट ‘मुक्त’, ‘बलू’ किंवा ‘नोटो सान्स देवनागरी’ घ्या. प्रीमिअर या संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये दक्षिण आशियाई मजकूर इंजिन निवडावं लागतं. चाचणीसाठी ‘कीर्ती, प्रसिद्ध, ऱ्हास, हृदय’ लिहून बघा. ॲप तरीही अक्षर तोडत असेल तर शीर्षकं दुसरीकडे पारदर्शक पीएनजी म्हणून करून वर ठेवा. उपशीर्षकांची एसआरटी फाइल साठवताना ‘यूटीएफ-८’ हा पर्याय निवडा. एका वेळी दोनच ओळी, ओळीत ३५-४० अक्षरं, आणि किमान दीड सेकंद.

२१. माहितीपट टाकल्यावर एखाद्यानं संमती मागे घेतली तर?

आधी तो व्हिडिओ खासगी करा, मग बोला. पुष्कळदा अडचण एका वाक्याची किंवा घराच्या पत्त्याची असते. तेवढं काढून पुन्हा टाकता येतं. यासाठीच संकलनाचा प्रकल्प आणि मूळ चित्रण दोन वेगळ्या डिस्कवर वर्षभर ठेवा. फक्त अंतिम फाइल उरली असेल तर निवेदनासकट सगळं कापावं लागतं. मुद्दा वृद्ध व्यक्तीच्या घरच्यांनी काढला असेल, तर त्या व्यक्तीशी स्वतः बोला आणि काय ठरलं ते तारखेसह संमतिपत्राच्या मागे लिहून ठेवा.